नाटक मराठीत की हिंदीत

गणपतीतलं मुलांचं नाटक मराठीत व्हावं की हिंदीत, यावरून राजेंद्र नगरच्या आमच्या मराठी मंडळाची बैठक मोडली आणि दुसऱ्याच दिवशी सचिव माझ्या दारात उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही लिहिता. असं काही लिहा की दोन्ही पार्ट्या मानतील. बैठकीत वाचून दाखवू."

मी तुकोगंजच्या ऑफिसातून नुकतीच आले होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. नाही म्हणायलाही ताकद लागते. मी हो म्हटलं.

रविवारी बसून लिहिलं. मराठी आपली मायबोली, हिंदी आपल्या शहराची, सगळ्यांनी समजुतीने घ्यावं, वगैरे. सचिवांनी वाचलं आणि कागद परत दिला. "छान आहे वहिनी. पण इसमें बोला क्या है?"

काहीच नव्हतं बोललेलं. कुणाला दुखवायचं नाही एवढंच सांभाळलं होतं.

मग मी मराठीचा आग्रह धरणाऱ्या काकांकडे गेले. ते निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, मुलांचं नाटक वर्षानुवर्षं स्वतःच बसवतात.

"शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी, आता घरात पण हिंदी," ते म्हणाले. "वर्षातून एक संध्याकाळ मागून राहिलो मी. ती पण जास्त झाली?" मग हळूच म्हणाले, "माझा नातू फोनवर मला दादाजी म्हणतो. आजोबा हा शब्द त्याला येतच नाही."

हिंदीची बाजू लावून धरणारी मागच्या गल्लीत राहते. सांवेर रोडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. पोळ्या लाटता लाटता तिने सांगितलं, "ताई, मला मराठी नको असं थोडीच आहे? मागच्या साली माझी मुलगी स्टेजवर 'माझी पुस्तक' बोलली. काकाजी विंगेतून जोरात ओरडले, 'माझं!' सगळा हॉल हसला. तेव्हापासून ती घरात पण मराठी बोलत नाही. हिंदीत नाटक असलं तर स्टेजवर चढेल तरी."

घरी येताना वाटलं, भीती दोघांची एकच आहे. पोर बोलायचं बंद होईल, ही.

सकाळी डबे भरून झाले की थोडं थोडं करत लेख पुन्हा लिहिला. आधी काकांचं म्हणणं, मग तिचं, दोघांनाही 'हो, हेच म्हणतोय मी' असं वाटेल अशा शब्दांत. शेवटी सुचवलं, नाटक मराठीतच करू, पण मुलांना येते त्या मराठीत. नाटकाची गोष्ट मुलांना आधी हिंदीत सांगू. विंगेतून कुणी चुका काढायच्या नाहीत.

बैठकीआधी काकांना दाखवला. मुलीबद्दलचा भाग वाचताना ते थांबले.

"मी हसलो नव्हतो."

"हो काका. तसं लिहिलेलंही नाही."

चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. "तुझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार आहेत," असं म्हणून कागद परत दिला.

बैठकीत मागून कुणीतरी म्हणालं, "ही तर खिचडी झाली भिया." पण या वेळी उठून कुणी गेलं नाही. ठरलं.

नाटकाच्या दिवशी ती मुलगी स्टेजवर आली आणि ठसक्यात म्हणाली, "मी तुला कब से बोलावून राहिली!" लोक हसले, पण ते वाक्यच हसवायचं होतं. विंगेत काका तोंडावर हात ठेवून उभे होते. पडदा पडल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण मराठीत होतं.

खुर्च्या उचलताना काका माझ्याजवळ आले. "भेसळ होती सगळी. तू लेखात त्या मुलीच्या आईचंच जास्त घेतलंस."

फाटकापाशी मुलीच्या आईने गाठलं. "मस्त झालं ताई. पण लेखात तुम्ही काकाजींकडून जरा जास्तच बोललात हं."

मी म्हटलं, असेल. पाय दुखत होते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.