अकरा दिवसांचं पाणी

मल्लय्याचा डोंगर उदगीरपासून फार लांब नाही, पण त्या डोंगरानं रेवणप्पाला उदगीरसुद्धा धड पाहू दिलं नाही. रोज पहाटे उपाशीपोटी, ओल्या धोतरानं, गावच्या पाण्याची घागर खांद्यावर घेऊन शिखर चढायचं, वरच्या पिंडीवर पाणी ओतायचं आणि उतरायचं. वाटेत घागर भुईला टेकवायची नाही. त्यातला थेंब कुणाच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही. हा आजोबाचा नवस. म्हाताऱ्यानं पटकीच्या साथीत बोलून ठेवला आणि स्वतः सुखानं डोळे मिटले. राबायला आहेत की लेक आणि नातू!

पाणी चुकलं तर घरातलं माणूस जाईल, ही भीती रेवणप्पाला आईनं दुधाबरोबरच पाजली होती. बाप गेला तेव्हा हा एकोणीस वर्षांचा. तेराव्याची वाट कोण बघतंय? दुसऱ्याच दिवशी घागर याच्या खांद्यावर. पावसाळ्यात शेवाळावरून पाय सटकायचे, दिवाळीनंतर कुसळं धोतरातून मांडीत घुसायची, वैशाखात उतरताना कातळानं तळव्याची साल निघायची. लोक विचारायचे, "रेवणप्पा, वरून काय काय दिसतंय वं?" डोंबल दिसणार! घागर हिंदकळू नये म्हणून नजर जन्मभर पायाखाली. एकुलत्या एका पोरीचं लग्न देगलूरला लागलं, तर हा बाबा डोंगर उतरून एसटीनं पोचेपर्यंत अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीनं परत निघाला आणि गाडीत तोंडाला उपरणं लावून रडला.

बहात्तरच्या दुष्काळात तर कहरच झाला. विहिरींचे तळ उघडे पडले. नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. एक दिवस शेजारची धुरपता वाटेत आडवी आली. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, कडेवर तान्ही पोर.

"दादा, वाटीभर द्या. पोरीच्या घशाला कोरड पडलीया."

"मल्लय्याचं पाणी हाय, धुरपता. मला देता येत न्हाई."

म्हणाला आणि चालू लागला. वर जाऊन ती घागर त्यानं दगडावर ओतली. त्या दिवशी त्याला भाकरी गिळवली नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घागर घेऊन निघालाच.

आठवडाभरात त्याला ताप भरला. उठायचीही ताकद राहिली नाही. पाणी चुकणार म्हणून तो हातपाय झाडू लागला, तेव्हा बायको, गुरम्मा, पदर खोचून उभी राहिली. "घरचंच माणूस लागतंय ना? मी काय दारची हाय? मी नेते." अकरा दिवस ती पहाटे ओल्या लुगड्यानं घागर घेऊन गेली आणि दोन-अडीच तासांनी परत आली. बाराव्या दिवशी रेवणप्पा उठला. पुढं दहा वर्षं भेटेल त्याला सांगायचा, "माझी बायकू अकरा दिवस डोंगर चढली. हाय का कुणाची असली?" गुरम्मा ऐकून घ्यायची आणि चुलीत फुंकर मारायची.

मग ब्याऐंशी साल उजाडलं. उस्मानाबाद तोडून लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली. गुरम्माचा भाऊ अमृतराव तिथं कारकून लागला होता. त्याचं पत्र आलं. ऑफिसात माठ भरून ठेवायला, लोकांना पाणी द्यायला माणूस हवा होता. साहेब तयार होते, राहायला खोली होती, फक्त महिनाअखेरच्या आत हजर व्हायचं. आता महिना संपायला तीन दिवस उरले होते.

"पाणीच भरायचं हाय की," गुरम्मा म्हणाली. "इथं दगडाला पाजता, तिथं माणसाला पाजा."

"आन् डोंगर?"

"डोंगर काय पळून चाललाय? अवं, गळ्यात लिंग बांधलंय तुमच्या. त्याची पूजा तळहातावर होती. मग वर कुणाला हुडकाया जाता?"

"एक दिवस चुकलं तरी माणूस जातंय, गुरम्मा. तुला लई सोपं वाटायलंय."

गुरम्मानं हातातलं पीठ झटकलं. "एक दिवस न्हाई, अकरा दिवस चुकलंय. तुमच्या तापात मी डोंगराची पायरीसुद्धा चढले न्हाई. घागर धुरपताच्या घरात ओतायची आन् तिथंच बसून राहायची. पाणी चुकलं, तरी तुमी उठून बसलात."

रेवणप्पाचा हात वर गेला आणि तसाच राहिला. "तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तवा सांगितलं असतं, तर भीतीनंच मेला असता." तिनं परात बाजूला सारली. "मी उद्या सातच्या गाडीनं भावाकडं चालले. तुमी या, न्हाईतर दगडाला घेऊन बसा."

पहाटे रेवणप्पा उठला, धोतर भिजवलं, घागर भरली आणि निघाला. पायांना दुसरी वाटच ठाऊक नव्हती. निम्म्या चढावर खालून हॉर्न ऐकू आला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान वळवली. फाट्यावर लाल गाडी उभी होती आणि गाठोडं घेतलेली गुरम्मा डोंगराकडं बघत होती. त्यानं हाक मारली. खांदा हलला, पाणी हिंदकळलं आणि जुन्या सवयीनं दोन्ही हात घागर सावरायला धावले. ती सावरेपर्यंत गाडी सुटली. फाटा मोकळा झाला.

"अरे माझ्या कर्मा!" तो ओरडला आणि त्यानं घागर दाणकन भुईला टेकवली.

मग आता काय वाईट होतंय, त्याची वाट बघत बसला. काही झालं नाही. एक सरडा कातळावर आला, थांबला, निघून गेला. रेवणप्पाला रडू कोसळलं. मागं पडलेली सगळी वर्षं त्याला एकदम आठवली, पोरीच्या अक्षता आठवल्या, धुरपताची वाटी आठवली. घसा सुकला तेव्हा त्यानं घागर कलती केली आणि ओंजळीनं ते पाणी प्यायला. साधंच होतं, विहिरीचं.

उरलेलं घेऊन तो खाली उतरला, तो थेट धुरपताच्या दारात.

"घे. तुझ्या पोरीचं वाटीभर राहिलं हुतं."

धुरपता बघतच राहिली. "ती आता धा वर्सांची झाली, दादा. साळंत गेलीया."

"आली की दे."

तिनं घागर घेतली आणि तिथंच उंबऱ्याशी ठेवली, भुईवर.

"लातूरची गाडी आता कवा हाय गं?"

"आता उद्या, सातला."

"मग घागर ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," रेवणप्पा म्हणाला आणि ओलं धोतर वाळत घालायला घराकडं वळला.