मंगला आणि छपाईची बंद खोली

मंगलाच्या अस्थींचं मडकं ज्या पिशवीत घालून नदीवर नेलं, ती पिशवी तिनंच छापली होती.

दुसरी पिशवी घरात नव्हतीच. आमच्या कुडवा गावात कोणाच्याच घरी नसते. रिजेक्ट माल शेठ आम्हा बायांना देऊन टाकतो, मग भाजीलाही तीच पिशवी आणि डब्यालाही तीच.

मंगला माझी लहानी जाऊ. तेरवी झाली, पाहुणे गेले, म्हणून आता लिहून राहिली. मी चौथी शिकली. चुका काढत बसू नका.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर अर्ध्यांना समजणार नाही.

पुण्या-बंगलोरला कॉम्प्युटर कंपन्यांच्या मोठ्या कॉन्फरन्स होतात. तिथं कंपन्यांचे स्टॉल लागतात. स्टॉलवर येईल त्याला फुकट पिशवी, फुकट टी-शर्ट. त्यातल्या काही पिशव्या इथं आमच्या शेठच्या शेडमध्ये बनतात.

मी शिवते. मंगला छापत होती.

बिडीचं काम बंद पडलं तेव्हा आम्ही दोघी सोबतच इथं लागलो.

छपाईची खोली मागच्या बाजूला आहे. जाळीच्या फ्रेममध्ये रंग टाकायचा, रबराच्या पट्टीनं ओढायचा, खाली पिशवीवर लोगो उमटतो. जाळी चोंदली की थिनरनं पुसायची. दिवसभर तेच.

त्या खोलीत पंखा लावत नाहीत. वाऱ्यानं रंग जाळीतच सुकतो.

खिडकी उघडत नाहीत. बाजूलाच राईस मिल आहे, कोंडा उडतो. ओल्या लोगोवर कोंड्याचा कण बसला की पिशवी रिजेक्ट.

दार पण बंद.

मे महिन्यात सुद्धा. गोंदियाचा मे.

एकदा शेठनं मोठ्या कौतुकानं मोबाईलवर स्टॉलचा फोटो दाखवला. मंगला डोळे बारीक करून पाहत राहिली.

"बाई, ह्या आपल्याच पिशव्या नं?"

"हो," मी म्हटलं.

"अन् हे लोकं पैसे देऊन राहिले का?"

"नाही वो. फुकट वाटून राहिले."

"फुकट वाटते, तं मग एवढा दाणा-दाणा पाहून रिजेक्ट कायले करते?"

शेठ हसला. आम्ही पण हसलो.

मग तिचा खोकला सुरू झाला.

शेठ चहासोबत गुळाचा खडा देतो. "गूळ खाओ, अंदर का सब साफ हो जाता है." बिडीच्या कारखान्यातही हेच सांगत होते. आम्ही तेव्हाही खाल्ला, इथंही खाल्ला. मंगला तर पदराला खडा बांधूनच आत जायची.

घरी सगळे म्हणायचे, बिडीचा जुना तंबाखू आहे, आता बाहेर निघून राहिला.

नागपूरच्या डॉक्टरनं विचारलं, "बिडी ओढत होत्या का?"

माझा दीर वसंता म्हणाला, "ओढत नव्हती साहेब, बांधत होती."

झालं. डॉक्टरनं मान हलवली. खोलीचं कोणी विचारलंच नाही.

मी पोहोचली तेव्हा तिला ऑक्सिजन लागला होता. मला पाहून काहीतरी बोलली. मास्कमधून काही समजलं नाही.

मी डॉक्टर नाही. पण मला नाक आहे.

तिचं लुगडं धुतलं तरी थिनरचा वास जायचा नाही. आणि तिला स्वतःला तर कशाचाच वास येत नव्हता. चुलीवर भात करपायचा, ती बाजूलाच बसलेली.

बिडीत एक रीत होती. माय गेली की तिची जागा पोरीला, नाहीतर सुनेला. घराला आधार म्हणून. शेठनं तीच रीत इथं चालवली.

तेरवीला तो आला. खोटं बोलणार नाही, नागपूरला न्यायला गाडी त्यानंच दिली होती. पंगतीत बसला आणि म्हणाला,

"वसंतराव, मंगला की जगह अब पल्लवी की है. सोमवार से भेज दो."

दिरानं हात जोडले. चार जण म्हणाले, शेठ देवमाणूस आहे.

पल्लवी मंगलाची पोरगी. नुकतीच बारावी झाली.

मी वाढत होती. भाताचं भांडं खाली ठेवलं.

"पोरगी येईन. शिलाईवर. छपाईवर नाही."

"भाभी, शिलाई में जगह नहीं है."

"माझी द्या तिले. मी छपाईवर बसते."

"आप से नहीं होगा. पल्लवी को आता है, छुट्टी में माँ के साथ करती थी."

"तं मग तुम्ही बसा आत. गूळ मी आणून देते."



दीर म्हणाला, "वहिनी, तेरवीच्या दिवशी काऊन भांडून राहिल्या?"

"मग कवा भांडू? पोरीच्या तेरवीले?"

पल्लवीनंच माझा हात धरला. "मोठीमाय, राहू दे. मी जाते. घरी दुसरं नेमानं कोण कमावते?"

मी भाताचं भांडं उचललं आणि पुढं वाढत गेली.

आज सोमवार. पल्लवी आली, केस बांधले, आत गेली. दार लागलं.

मी माझी शिलाई मशीन ओढत नेली आणि दार उघडून बरोबर मधात ठेवली. अर्धी आत, अर्धी बाहेर. आता दार लागत नाही.

शेठ ओरडत आला. "भाभी, कोंडा जाएगा अंदर! पूरा लॉट रिजेक्ट होगा!"

"होऊ द्या."

दिवसभर तिथंच बसून शिवलं. बऱ्याच पिशव्यांवर कोंडा बसला. शेठ माझ्याशी बोलला नाही. उद्या बहुतेक मला काढतील. काढेपर्यंत मशीन दारातच राहील.

फुकटच वाटायच्या आहेत नं पिशव्या? कोंड्यासहित वाटा.

मंगला, तू जाय आता. मागं पाहू नको.

पोरीजवळ मी बसली आहे.