ग्रहांचा डबा आणि लंडनचं तिकीट

“सोमवारी उत्तर पाहिजे. घ्यायचा की नाही, एवढंच,” असं म्हणून आमच्या मॅनेजरांनी, मिस्ये रोलांनी, तो खेळाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. डबा कसला, पेटाराच. माझा टेलिफोन त्याच्यामागे दिसेनासा झाला. झाकणावर काळं आकाश, दोन तांबडे ग्रह आणि आग ओकणारी जहाजं. दुकानातल्या पोरींनी त्याचं नाव ‘ग्रो ब्वात’ ठेवलं होतं. क्रिओलमध्ये, म्हणजे आमच्या मॉरिशसच्या बोलीत, मोठा डबा.

मी तेव्हा पोर्ट लुईतल्या एका मोठ्या दुकानात खेळणी आणि स्टेशनरीची बायर होते. बायर म्हणजे दुकानासाठी माल निवडणारी. विकणारे वेगळे. ऐंशीनंतरची ती वर्षं. माल बोटीनं यायचा, त्यामुळे डिसेंबरात काय विकायचं ते जुलैतच ठरवावं लागे. मॉरिशसमध्ये खेळण्यांचा खरा धंदा वर्षअखेरीला होतो. नव्या वर्षाला मुलांना एत्रेन, म्हणजे भेट, द्यायची असते, आणि त्या दिवशी सगळी भावंडं जमून कोणाला काय मिळालं ते बघत बसतात. अंदाज चुकला तर माल शेल्फवर पडून राहतो. त्याला आम्ही डेड स्टॉक म्हणतो. त्या मालावर धूळ बसते आणि सगळे बायरकडे बोट दाखवतात.

हा डबा लंडनमध्ये शोधून काढला होता प्रमिलानं. माझं खरं दुखणं इथंच होतं.

प्रमिला मोंतान्य ब्लांश गावची, ऊसवाल्या घरातली. देवळातल्या मराठीच्या वर्गात मी तिला पाहिलं, पोरगी हुशार वाटली, आणि मीच तिला दुकानात लावलं. इन्व्हॉइस कसं वाचायचं, एजंटशी फोनवर कसं बोलायचं, सगळं मी शिकवलं. मग लंडनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनाला माणूस पाठवायचं दुकानानं पहिल्यांदाच ठरवलं, तेव्हा गेली कोण? प्रमिला.

“तुम्हाला घर आहे, मुलं आहेत, म्हणून मीच ठरवलं,” मिस्ये रोलां मला म्हणाले. मला कोणी विचारलंच नाही. मी “वी, मिस्ये”, हो साहेब, म्हटलं आणि आतल्या आत जळून खाक झाले.

ती परत आल्यावर महिनाभर कॅन्टीनमध्ये लंडनच चाललं होतं. तिथला चहा, तिथल्या जमिनीखालच्या गाड्या, तिथले रांगेत उभे राहणारे लोक. माझ्यासाठी तिनं निळा स्वेटर आणला होता. तो मला अगदी मापात बसला. हेही मला आवडलं नाही.

आता तिनं निवडलेली सँपल्स बोटीनं आली होती. बाकीची सोपी होती. बाहुल्या, मोटारी, पझल्स. प्रश्न या डब्याचाच होता. मिस्ये रोलां दारात थांबून म्हणाले, “पुढच्या वर्षीही तिकीट एकच आहे. हा डबा चालला तर प्रमिलाची नजर चांगली, तीच जाईल. आपण घेतला नाही किंवा चालला नाही, तर तुम्ही.”

म्हणजे बघा. मी ‘हो’ म्हटलं आणि माल खपला, तर लंडन तिचं. ‘हो’ म्हटलं आणि माल पडून राहिला, तर तिकीट माझं, पण ऑर्डरवरची सहीही माझी, म्हणजे बोलणी मलाच. ‘नाही’ म्हटलं, तर तिकीट सरळ माझ्या हातात. भीती एकच होती. आपण नाकारलेला माल समोरच्या दुकानाच्या काचेत झळकला, तर बायरला तोंड दाखवायला जागा राहत नाही. तेव्हा मला ‘नाही’ म्हणायला एक भक्कम कारण हवं होतं. मी प्रमिलाला बोलावून घेतलं.

“एक डाव किती वेळ चालतो गं?”

“सहा तास, ताई. कधी जास्तपण.” चारचौघांत ती मला मादाम म्हणायची, दोघीच असलो की ताई.

“सहा तास! आणि नियम?”

तिनं पुस्तिका काढून दिली. बारीक अक्षरातलं इंग्रजी, फ्रेंचचा एक शब्द नाही. मला मनातून बरं वाटलं.

“हे इथं वाचणार कोण?”

“कोणी समजावलं तर सोपं आहे. मला स्टॉलवाल्यानं समजावलं. प्रदर्शन सुटल्यावर तीन संध्याकाळी मी तिथंच बसले.”

“लंडनला जाऊन तू संध्याकाळी पुठ्ठ्याचे तुकडे हलवत बसलीस?”

“डाव सोडवेना, ताई.”

ती राजवाडे बघत हिंडली असेल, दुकानांत हुंदडली असेल, असं मी धरून चालले होते. तसं असतं तर निदान नावं तरी ठेवता आली असती. ती तर काम करत होती. वर म्हणाली, “तुम्हीच सांगता ना, खेळल्याशिवाय कुठलाही खेळ नाकारायचा नाही.”

हा माझाच नियम, आणि तिला शिकवलेलाही मीच. मोडायची सोय राहिली नाही. शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर ग्रो ब्वात कवेत घेऊन मी घरी जायला सें पिएरची बस पकडली. बसमधल्या प्रत्येकानं झाकण वाचलं.

खेळ असा होता. टेबलावर काळा नकाशा पसरायचा. त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं. प्रत्येकाला सुरुवातीला स्वतःचा एक ग्रह मिळतो. तिथून जहाजं सोडायची, नवे ग्रह शोधायचे, तिथं आपली माणसं वसवायची, कारखाने काढायचे आणि शेजाऱ्याशी तह करायचा किंवा लढायचं. माणसं, जहाजं, कारखाने म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. ते पत्र्यासारख्या जाड कागदातून एकेक ठोकून बाहेर काढावे लागतात. त्यातच माझं बोट दुखायला लागलं, आणि मी खूश झाले. गिऱ्हाईक कंटाळेल असं एक कारण मिळालं.

चार खेळाडू लागणार होते. मी, माझा नवरा आनंद, आणि आमच्याच आवारात राहणारी माझी जाऊ लीला. मुलं अजून लहान, चौथं कोणी नाही म्हणून सासूबाईंना बसवलं. आनंद सरकारी कचेरीत फायली वाचणारा माणूस, म्हणून पुस्तिका त्याच्याकडे दिली.

“आयो! आमच्या खात्याचे नियम याच्याहून सोपे हायत,” तो म्हणाला.

रविवारची अख्खी सकाळ समजून घेण्यात गेली. कोणाची पाळी आधी, जहाज किती घरं चालतं, इंधन कुठं मिळतं. लीला सारखी म्हणायची, “मो पा कोंप्रान नान्ये,” मला काही कळत नाही. मी प्रत्येक वेळी मान डोलवायचे. सोमवारचं उत्तर जवळजवळ तयार होतं.

मग सासूबाईंची पाळी आली. आनंदनं सांगितलं, “आई, ही तुझी मानसं. ती जहाजात भर आनि त्या ग्रहावर पाठव.”

“आनि परत कवा येतात?”

“कोन?”

“मानसं. काम झालं की परत कशी येतात?”

आनंदनं पुस्तिका चाळली. मी चाळली. जहाज परत येतं, माल परत येतो. माणसांच्या परतीचा नियमच नव्हता. एकदा उतरली की तिकडची झाली.

“मग मी नाय पाठवनार,” सासूबाई म्हणाल्या. “माझी मानसं माझ्या घरी ऱ्हातील.”

आम्ही खूप समजावलं. असं केलं तर तुम्ही हराल, असंही सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला तो घेतलाच. त्यांचा एकच ग्रह, पण त्यावर माणसांची अशी दाटी की पुढे कोणाची तिकडे चाल करायची हिंमत झाली नाही.

दुपारनंतर मात्र डावाचा रंग बदलला. काही न कळणाऱ्या लीलानं माझ्याशी तह केला. मी माझी जहाजं निर्धास्तपणे दुसरीकडे नेली. तिनं पुढच्याच पाळीला तह मोडला आणि माझा सगळ्यांत चांगला ग्रह घेतला. वर हसून म्हणाली, “जाऊबाई, राग नका धरू हं.” मी धरला. तिच्यापुढे ग्रहांचा नुसता ढीग आणि माझ्याकडे दोन उजाड गोळे. इतकी वर्षं एका आवारात राहिलो, तिच्या साड्यांचा, तिच्या नव्या फ्रिजचा मला कधी इतका हेवा वाटला नव्हता.

“अजून एक पाळी,” मी म्हटलं. मग आनंद म्हणाला, अजून एक. मग सासूबाई.

टीव्हीवरचा हिंदी सिनेमा कोणी लावला नाही. जेवण ओसरीवर झालं, कारण टेबल नकाशानं अडवलं होतं. अंधार पडला तेव्हा मी आवरायला उठले, तर सासूबाई ओरडल्या, “कोनी हात लावायचा नाय! उद्या सांजच्याला बसू.”

इथं माझ्यातली जाऊ गप्प झाली आणि बायर जागी झाली. खेळण्यांच्या धंद्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकले होते. मुलाला खेळणं नको असतं; शेजारच्या मुलाकडे आहे ते हवं असतं. आमचा सगळा धंदा या जळफळाटावर चालतो. आणि या डब्यात तो काठोकाठ भरलेला होता. प्रमिलाची नजर चांगली होती. छे, फार चांगली होती. मला रडू यायचं बाकी राहिलं.

सोमवारी मी रिकाम्या हातानं ऑफिसात गेले.

“डबा कुठाय?” मिस्ये रोलांनी विचारलं.

“घरी आहे. डाव संपला नाही.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे घ्यायचा?”

“घ्यायचा. पण शेल्फवर ठेवला तर एकही खपणार नाही. आम्हाला समजायलाच अख्खी सकाळ लागली. दुकानात टेबल मांडावं लागेल, नकाशा उघडून, आणि कोणीतरी तिथं बसून दिवसभर समजावायचं. याला डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात.”

“कोण बसणार?”

“प्रमिला. पूर्ण डिसेंबर.”

हे मी धंद्याच्या हिशोबानं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पण पोटातलं खरं सांगायचं तर मला चित्र दिसत होतं. लंडन बघून आलेली बाई जिन्याखालच्या उकाड्यात बसली आहे आणि घामेजलेल्या गर्दीला तेच तेच शंभरदा सांगते आहे. त्या चित्रानं मला फार समाधान दिलं. ऑर्डर फॉर्मवर मी सही ठोकली.

“कोरेक,” मिस्ये रोलां म्हणाले. ठरलं.

डिसेंबर आला. जिन्याखाली टेबल मांडलं. पहिल्या दिवशी प्रमिलाभोवती दोन मुलं होती. आठवडा उलटला तसं जिन्यावरून खाली यायला वाट राहिली नाही. ती क्रिओलमध्ये बोलायची, आईबापांशी फ्रेंचमध्ये, कोणी ओळखीचं निघालं तर मराठीत. गिऱ्हाइकांना दोन-दोन पाळ्या खेळवायची आणि बरोबर अशा ठिकाणी थांबवायची की एकाकडे जास्त ग्रह आणि दुसऱ्याकडे कमी. कमीवाला डबा मागायचा. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

एकदा एक वयस्क गृहस्थ नातवासाठी डबा बघत होते. त्यांनी भोजपुरीत विचारलं, ही माणसं परत कशी येतात? मी कॅश काउंटरपाशी उभी होते. माझे कान टवकारले. आता बघू, म्हटलं.

प्रमिला त्यांच्याच भाषेत म्हणाली, “नाही येत, चाचा. तिकडंच ऊस लावायचा.”

सगळी गर्दी हसली. म्हातारबुवा सगळ्यांत जोरात हसले, डोळे पुसले आणि डबा बगलेत मारून गेले. माझ्या घरी हाच प्रश्न आला तेव्हा दोन सरकारमान्य शहाणे पुस्तिका चाळत बसले होते. हे उत्तर मला का सुचलं नाही? आमचेही पणजे बोटीनं उसाच्या कामावर आले आणि परत न जाता इथलेच झाले होते की. त्या दिवशी मला तिचा जो हेवा वाटला, तो लंडनच्या वेळीही वाटला नव्हता.

नाताळच्या आधीच सगळे डबे संपले. लोक येऊन विचारत, “मामझेल लेस्पास कुठं आहे?” म्हणजे ती अंतराळवाली मिस. डबा संपला म्हटल्यावर ते प्रमिलानं सांगितलेलं दुसरं काहीतरी घेऊन जात. खेळणी विभागाची बायर मी, आणि मला येऊन कोणी एकदाही काही विचारलं नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मिस्ये रोलांनी सगळ्या स्टाफला एकत्र बोलावलं. विक्री चांगली झाली, म्हणाले. पुढचं लंडनचं तिकीट प्रमिलाच्या नावानं जाहीर केलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग त्यांनी कौतुकानं तिला विचारलं, “आणि ते टेबलाचं तुला कसं सुचलं?”

मी जमिनीकडे बघत होते. तिनं ते स्वतःच्या नावावर घेतलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मिस्ये रोलां स्वतःच विसरले होते.

“मला नाही सुचलं, मिस्ये,” ती म्हणाली. “आयडिया मादामची. मला तिथं बसवायचं तेपण त्यांनीच ठरवलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा टाळ्या वाजवल्या. ती अगदी सरळ मनानं बोलली होती. तिच्या जागी मी असते तर बोलले नसते, हे मला तिथल्या तिथं कळलं, आणि त्याबद्दलही मला तिचा हेवा वाटला.

नव्या बायर लोकांना मी एवढंच सांगत आले. अवघड माल घ्यायला घाबरू नका. तो समजावायला माणूस बसवा, माल जातो. पण बसवण्याआधी नीट विचार करा. गिऱ्हाईक डबा घेऊन घरी जातं, आणि दुकानात नाव राहतं ते समजावणाऱ्याचं.