मितवल्लीचा तळहात

समुद्रावरून तीन दिवस वारं सुटलं होतं. शुक्रवारी सकाळी पाऊस थांबला, पण हवेतला ओलावा जाईना. अशा हवेत इजिप्तमधल्या आमच्या दमियातच्या गल्लीत सुतार काम करतो, पॉलिशवाला करत नाही. ओलाव्यात लाखेचं पॉलिश ओढलं की लाकडावर पांढुरकी झाक धरते आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मी माझ्या दुकानात खुर्चीचे पाय तासत होतो आणि समोर उस्ता मितवल्ली उंबऱ्यावर बसून भाकरीशी घेवडा चापत होता.

उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर, आणि अख्ख्या गल्लीत त्याच्यासारखा पॉलिशवाला नाही, हे आधीच कबूल करतो. पुढे त्याच्याबद्दल चांगलं बोलायची संधी मिळायची नाही. डोळे मिटून कपाटाच्या दारावरून तळहात फिरवायचा आणि पॉलिशचा बोळा कुठे अडखळला होता ते नेमकं सांगायचा. इथवर ठीक होतं. पण हा हात गाड्यांवरही चालतो, असं त्याच्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे. आमच्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच असतो, रंग कारखान्याचा आहे का? मागाहून रंगवलेली म्हणजे कुठेतरी आपटलेली. विकणारा म्हणतो, "नुसती स्वच्छतेसाठी फवारलीय हो." घेणारा नखाने टकटक करतो. मितवल्ली तळहात फिरवायचा आणि नाक मुरडून पुढच्या गाडीकडे जायचा. सहा वर्षं हेच चाललं होतं.

त्या सहा वर्षांत त्याची बायको इन्शिराह आठवड्यातून दोनदा मन्सूराला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जात होती. डावा गुडघा पार झिजलेला. मायक्रोबसमध्ये जागा मिळायची ती दाराजवळच्या घडीच्या सीटवर. कुणीही उतरलं की आधी हिने उठायचं. शेवटी तिने लग्नातल्या बांगड्या विकल्या आणि भावाला, फुआदला, नव्या गाडीच्या यादीत नाव घालायला लावलं. गाडी आली होती, फक्त शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"आज आणलीत तर आणलीत," ती दारातून म्हणाली. "नाहीतर उद्या मी फुआदला हो सांगणार."

"फुआद!" मितवल्लीने तोंडातला घास कसाबसा गिळला. "अगं, नवी गाडी घेऊन दोन वर्षं झाली, सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही त्याने. उन्हाळ्यात गाडीतून उतरला की पाठीमागून पोहून आल्यासारखा दिसतो. ज्याला हात नाही त्याने नवी घ्यावी."

"तुमचा हात सहा वर्षं फिरतोय उस्ता. आणि माझा गुडघा सहा वर्षं उठबस करतोय."

तो माझ्याकडे बघून हसला, जसं काही मी त्याच्या बाजूचा. "चल रे रिफअत. बाजाराला हात दाखवून येऊ."

मी गेलो. माझंही डोकं फिरलं असणार.

शुक्रवारच्या गाडीबाजाराच्या मैदानात चिखल, चिखलात गाड्या, आणि गाड्यांमागे हात खिशात घालून उभी माणसं. एका कोपऱ्यात एक शाळामास्तर आपली फिकट पिवळी गाडी घेऊन उभा होता. बारा वर्षं एकट्याने वापरलेली, कागद नीट पिशवीत. मितवल्लीने डोळे मिटले, टपावरून हात फिरवला आणि शेण लागल्यासारखा झटकला.

"मास्तर, अख्खी रंग मारून काढलीय की हो."

"काय बोलता? मीच नवी घेतली होती. ओरखडासुद्धा नाही."

"मग हा दाणा कसला? संत्र्याच्या सालीवरून हात फिरवल्यासारखं लागतंय. माझ्या दुकानात असं काम कुणी केलं तर त्याला दारात उभा करणार नाही."

"तुम्ही गाड्या रंगवता?"

"कपाटं."

आसपासचे हसले. मितवल्लीला वाटलं, मास्तरलाच हसले.

पुढे हाज ऐयूब नावाच्या दलालाची लाल गाडी उभी होती. नुकती न्हाऊन आल्यासारखी चकचकीत.

"डॉक्टरीणबाईंची गाडी," हाज ऐयूब म्हणाला. "घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."

या बाजारातल्या निम्म्या गाड्या डॉक्टरीणबाईंच्या असतात. इतक्या डॉक्टरणी असत्या तर इन्शिराहला मन्सूराला जायची वेळ कशाला आली असती? पण मितवल्लीचे डोळे मिटलेले. हात बॉनेटवरून दारावर, दारावरून डिकीवर गेला. "काच! रिफअत, हात लाव. काच आहे, काच! कारखान्याचा रंग, आतून बाहेरून!"

हे तो शंभर माणसांत ओरडला, आणि पाच हजार गिनी विसार हाज ऐयूबच्या हातावर ठेवूनही टाकला.

"आधी तपासून तर घे," मी म्हणालो.

"तपासणी बिनहाताच्यांसाठी असते."

मी तपासणीचे पैसे माझ्या खिशातून भरले. रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन एक तरुण इंजिनियर आला. चार ठिकाणी यंत्र टेकवलं, टपाच्या कडेशी वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "उस्ता, कारखान्याच्या रंगात बारीक दाणा असतोच. आरशासारखं गुळगुळीत लागलं, म्हणजे मागाहून फवारून घासलंय. ही तर सगळीच घासलीय. आणि टप दुसऱ्या गाडीचा कापून जोडलाय."

मी वळून पाहिलं. मास्तरची पिवळी गाडी विकत घेऊन कुणी दोघे फाटकातून बाहेर काढत होते.

"यंत्र ओलं झालंय," मितवल्ली म्हणाला. "अशा हवेत खोटं बोलणारच."

पण जोडलेला टप उघड्या डोळ्यांनीही दिसत होता. त्याने विसार परत मागितला.

"परत?" हाज ऐयूबने छातीवर हात ठेवला. "उस्ता, रंग कारखान्याचा म्हणून कोण ओरडलं? मी रंगाचं नाव तरी काढलं का?"

परतीच्या मायक्रोबसमध्ये मितवल्लीला घडीची सीट मिळाली. गल्लीपर्यंत तो नऊ वेळा उठला, मी मोजलं. प्रत्येक वेळी ड्रायव्हरला शिवी घातली, पण बायकोची आठवण एकदाही काढली नाही. घरी तिला सांगितलं, "सगळी लूट चाललीय. ईदनंतर बघू."

ती म्हणाली, "बरं."

शनिवारी लख्ख ऊन पडलं. दुपारच्या जुहरच्या नमाजानंतर गल्लीत एक छोटी पांढरी गाडी शिरली. फुआद शेजारी बसलेला आणि चाक इन्शिराहच्या हातात! सहा महिने बहिणीकडे जाते असं सांगून बाई गाडी शिकत होती. ऑटोमॅटिक गाडी, डाव्या पायाला कामच नाही. बायकांनी खिडक्यांतून जिभा फिरवून आनंदाचा कल्लोळ केला.

मितवल्ली बोळा हातात घेऊनच बाहेर आला. डोळे मिटले, रिकामा तळहात बॉनेटवरून फिरवला.

"दाणा आहे," तो म्हणाला. "फसवलं तुम्हाला. रंग मारून काढलेली आहे."

"अहो भाऊजी, अजून नंबरप्लेटसुद्धा लागली नाही हिला!" फुआद ओरडला.

इन्शिराहने काच खाली केली. "उस्ता, हात काढा. पॉलिशचे डाग पडतील. मन्सूराला यायचं असेल तर मागे बसा, नाहीतर वाट द्या."

त्याने वाट दिली. गाडी बेताबेताने कोपऱ्यावर वळली. तो तिथेच उभा राहिला, आपल्या तळहाताकडे बघत.

"मितवल्ली," मी म्हणालो, "हवा सुकलीय."

तो आत गेला. बाटली हलवून बोळ्यावर थोडं पॉलिश ओतलं आणि कपाटाच्या डाव्या दारावर वरून खाली हात ओढायला सुरुवात केली.