फ्रीझरमधलं पुरण

फ्रीझर साफ करताना मला माणसांचा राग येतो. खाली पातेलं ठेवून बर्फ वितळायची वाट बघत बसायचं आणि नवऱ्याने, सुरेशने, "राहू दे, लागेल कधीतरी" म्हणत कोंबलेली एकेक पिशवी बाहेर काढायची. माणसं काही टाकून देत नाहीत, नुसतं नजरेआड करतात. मनातलंसुद्धा.

आज मागच्या भिंतीचा बर्फ सुटला आणि आईस्क्रीमचा जुना डबा हाती आला. आत पुरण. होळीला आलेल्या सासूबाई धाकट्या दिरांकडे परतताना मला न सांगता ठेवून गेल्या होत्या. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर त्यांचं अक्षर : 'सुरेशसाठीच'. वीस वर्षं या घरात मी पुरण घालतेय!

डबा कचऱ्यात टाकला. मग हट्टाने डाळ शिजवली, पुरण वाटलं, पोळ्या केल्या. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"वा! आईने ठेवलेलं पुरण सापडलं वाटतं!"

तुपाची वाटी मी तशीच उचलून आत नेली. फ्रीझर अजून उघडाच होता, पातेल्यात पाणी ठिबकत होतं.

म्हणजे याला माहीत होतं.