साडूच्या बाथरूममधला टीव्ही

माझ्या साडूच्या बोरिवलीच्या घरात बाथरूममध्ये टीव्ही आहे. घराचं नूतनीकरण झाल्यावर त्याने सत्यनारायण घातला, तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. प्रसादाचे हात धुवायला आत गेलो, तर कमोडच्या समोरच्या भिंतीत टाइल्सच्या मधोमध एक काळी काच. आधी वाटलं आरसा असेल. मग कोपऱ्यातला लाल ठिपका दिसला. मी हात धुतले, नॅपकिनला पुसले आणि काहीच न पाहिल्यासारखा बाहेर आलो. साडू पॅसेजमध्ये उभाच होता.

“पाहिलास?”

“काय?”

“नाटकं नको करूस रे. टीव्ही! दाढी करता करता बातम्या. झकास ना?”

“छान आहे,” मी म्हणालो. तेवढं म्हणायला मला बरेच कष्ट पडले.

तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोकांच्या घरातली फर्निचरची आणि टाइल्सची कामं घेतो. शिक्षण बारावीपर्यंत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्याच्या घरी जाताना हे वाक्य मी दर वेळी मनात एकदा म्हणून घ्यायचो, कारण तिथून निघताना त्याचा काही उपयोग राहत नसे. त्याचं घर मोठं, त्याचं हसणं मोठं, आणि सासरची माणसं काही अडलं की पहिला फोन त्यालाच करत. हे सगळं मी सहन करत आलो होतो. पण गेल्या वर्षी त्याने माझ्या वडिलांनाही आपलंसं केलं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं. दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश शिवून त्यांनी मला कॉलेजात पाठवलं. पवईतली माझी नोकरी, मुलुंडचा वन बीएचके, मुलीची इंग्रजी शाळा, हे सगळं त्या पायमशीनवर शिवलं गेलंय असं मी मानतो. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत होते. मी दर खेपेला म्हणायचो, आता इथेच राहा. ते यायचे, आठवडाभर राहायचे, मग पिशवी भरायला लागायचे. “घर बंद आहे तिकडं,” एवढंच कारण सांगायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही मुलुंडला करून घेतलं. एक डोळा झाला, दुसरा काही आठवड्यांनी करायचा होता. त्यांना आता परत जाऊ द्यायचं नाही असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. बायको माझ्याहून जास्त हट्टाला पेटली होती. एरवी ती मला अरे-तुरे करते, पण अण्णा आले की घरात ‘अहो’ सुरू होतं, डोक्यावरून आंघोळ करून मगच ती गॅस पेटवते, आणि त्यांच्यासाठी रोज ज्वारीच्या भाकरी थापते. तरी अण्णा अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे.

“अण्णा, भाजी तिखट झाली का?”

“नाही पोरी, ब्येस झालीय. भूकच न्हाई.”

ती स्वयंपाकघरात जाऊन भाजी पुन्हा चाखून बघायची.

अण्णांची विचारपूस करायची म्हणून एका रविवारी साडूने आम्हाला जेवायला बोलावलं. गेल्या गेल्या अण्णांनी बाथरूम विचारली. साडू स्वतः त्यांना हाताला धरून घेऊन गेला, आत काहीतरी दाखवत बसला, मग दार लागलं आणि आतून कबड्डीच्या सामन्याचा गलका ऐकू यायला लागला. इतका मोठा की हॉलमध्ये आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. बऱ्याच वेळाने अण्णा बाहेर आले. तोंडावर पाणी मारलेलं, चेहरा हलका झालेला. जेवताना त्यांनी दोन वेळा पोळी मागून घेतली. आणि वर म्हणाले, “घर बांधावं तर असं.”

साडूने माझ्याकडे बघून डोळा मारला.

त्यानंतर अण्णांना बोरिवलीची ओढ लागली. मुलाच्या बायकोच्या बहिणीच्या घरी जाऊन राहायचं, हे आमच्याकडे कुणी ऐकलंही नसेल. सोयऱ्यांकडे माणूस जेवायला जातो, फार तर एक रात्र राहतो. पण अण्णा सहज विचारल्यासारखं विचारायचे, “चार दिवस जाऊन येऊ का तिकडं?” मी नाही कसं म्हणणार? साडू गाडी घेऊन यायचा, त्यांची पिशवी स्वतः उचलायचा. मग मेहुणीचा फोन यायचा. ती मनाने वाईट नाही, पण बोलण्याला लगाम नाही.

“अगं, अण्णा आमच्याकडे दोन भाकऱ्या खातात! तू काय उपाशी ठेवतेस की काय त्यांना?”

बायको हसून फोन ठेवायची आणि भांडी जरा जोरात आपटायची. “तुझ्या वडिलांना माझा स्वयंपाक आवडत नाही, हे सरळ सांग ना,” एकदा ती म्हणाली. अण्णा घरात नव्हते, त्यामुळे ‘अहो’ नव्हतं.

“तुझ्या स्वयंपाकाचं नाही गं. टीव्हीचं आहे. त्याच्या बाथरूममधला तो टीव्ही.”

“टीव्ही हॉलमध्ये आहे की आपल्याकडे.”

“तो वेगळा.”

मला खात्रीच झाली होती. गावच्या माणसाला नवलाईचं अप्रूप असतं, आणि ती नवलाई माझ्या घरी नव्हती. ज्या माणसाने मला शिकवलं त्याला मी एक साधा टीव्ही दाखवू शकत नाही, आणि हा बारावी शिकलेला माणूस दाखवतो. ऑफिसात बसून मी भिंतीवर टीव्ही बसवण्याचे व्हिडिओ पाहायला लागलो.

आमची बाथरूम म्हणजे संडास आणि न्हाणीघर एकत्र. आत माणूस उभा राहिला की बादली बाहेर काढावी लागते. दार उघडतं ते थेट स्वयंपाकघराच्या तोंडाशी. गॅसचा ओटा तिथून दोन हातांवर.

“यात माणूस मावत नाही, टीव्ही कुठे मावणार?” बायको म्हणाली.

“दाराच्या वर.”

“लोक हसतील.”

“बोरिवलीत कोणी हसलं नाही.”

तिने बाहेरची बादली पायाने आत सरकवली. मग म्हणाली, “लाव. पण करंट लागून कुणाला काही झालं तर मी माहेरी जाईन.”

“माहेरीसुद्धा त्यालाच फोन करतील,” मी म्हणालो. यावर ती हसली, मी नाही.

वायरमनने आधी नकारच दिला. शॉवरचं पाणी उडेल, गिझरची वाफ होईल, म्हणाला. शेवटी दाराच्या वर ब्रॅकेट ठोकून, टीव्हीला ॲक्रिलिकची बंद पेटी करून, बटण बाथरूमच्या बाहेर ठेवून काम झालं. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिळ्याला टांगला. टीव्ही मी साडूच्या टीव्हीपेक्षा बोटभर मोठा घेतला. दुकानात माप विचारताना मला जरा लाज वाटली, पण घेतला तोच. आणि त्याच्याकडे नसलेली आणखी एक गोष्ट मी केली. घरात मुलीचा अभ्यास चालू असतो, बायकोची सकाळची गडबड असते, म्हणून बिनवायरचे हेडफोन आणले. अण्णांनी कानात घालायचे, आवाज फक्त त्यांना. बाहेर चिटपाखरालाही कळणार नाही. हे सुचलं तेव्हा मी फार खूश झालो होतो. त्याचा टीव्ही सगळ्या इमारतीला ऐकू जातो, माझा शहाण्या माणसाचा.

अण्णा बोरिवलीहून परत आले. मी त्यांना बाथरूममध्ये नेलं, बटण दाबलं, कबड्डी लावून दिली, कानात हेडफोन बसवले. ते वर बघत होते. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

“माझ्यासाठी बसवलास व्हय?”

“हो, अण्णा.”

“लई केलंस,” म्हणाले. पण दार लावून आत गेलेला माणूस लगेच बाहेर आला.

“काय झालं? दिसत नाही का नीट?”

“दिसतंय की. चांगलंय.”

दुपारी पुन्हा अर्धी भाकरी. दुसऱ्या दिवशीही तेच. हेडफोन खुंटीला लटकत होते. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्यांनी तेच सहज विचारल्यासारखं विचारलं, “शनवारी तो गाडी घेऊन येतो म्हणत होता. जाऊ का?”

बायको खाली भाजी आणायला गेली होती, मुलगी शाळेत. घरात आम्ही दोघंच. माझा आवाज चढला.

“त्याच्या टीव्हीला काय सोनं लावलंय का, अण्णा? माझा त्याच्यापेक्षा मोठा आहे! तो चार दिवस तुम्हाला फिरवतो आणि मी काहीच नाही? जायचंय तर जा, कायमचे जा!”

अण्णांनी कप खाली ठेवला. दाराकडे एकदा बघून घेतलं, बायको येत नाहीये ना म्हणून.

“वरडू नगंस. टीव्हीचं काय घिऊन बसलास. मला काय टीव्ही कळतोय?”

“मग?”

ते पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सून तिथं गॅसपाशी हुबी असतीय. दोन हातांवर. मधी ते पातळ दार. म्हाताऱ्या माणसाचं पोट, आवाज होतो. माणसानं बसावं कसं? गावाकडं परसात लांब हाय, कुणाला कळत न्हाई. हितं मी कमीच खातो. म्हंजे जायला नगं.”

मी ओट्याकडे आणि त्या दाराकडे पाहिलं.

“तिकडं टीव्ही मोठ्यानं लावता येतो. भायेर कुणाला कायबी ऐकू येत न्हाई. त्यानंच सांगितलं मला पयल्या दिवशी. म्हणला, अण्णा, आवाज वाढवा आन निवांत बसा, कुणी काय म्हणणार न्हाई. त्याच्या वडलांसाठीच बसवला म्हणं त्यानं. ते बी असंच उपाशी राहायचे.”

साडूचे वडील सत्यनारायणाच्या दिवशी हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले मला आठवले. पुढच्या वर्षी ते गेले. आणि साडूच्या बाथरूममध्ये दाढीचा आरसा दुसऱ्याच भिंतीवर कोपऱ्यात आहे, दाढी करताना तो टीव्ही दिसतच नाही, हेही मला तेव्हाच जाणवलं. वडिलांच्या पोटाची गोष्ट चार माणसांत सांगायची नाही म्हणून तो इतकी वर्षं दाढीच्या गप्पा मारत होता, आणि लोक त्याला शौकीन म्हणत होते. मीही म्हणत होतो.

त्याचं घर, गाडी, टीव्ही, सासरचा मान, या सगळ्याचा मला हेवा वाटला होता, पण तो कुठेतरी टोचून विरून जायचा. हा विरला नाही. अण्णांच्या पुढ्यात रोज अर्धी भाकरी राहते हे मी पाहत होतो, आणि ती का राहते हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. माझे वडील. माझ्या घरात उपाशी. आणि पोटभर जेवायला ते बोरिवलीला जात होते.

मी उठलो. हेडफोन काढून कपाटात टाकले. प्लास्टिकच्या पिशवीतला रिमोट आणून अण्णांच्या हातात दिला आणि आवाज वाढवायचं बटण बोटाने दाखवलं.

“सूनबाईला काय सांगशील?” त्यांनी विचारलं.

“हेडफोन कानाला टोचतात, असं.”

बायकोला मी तेवढंच सांगितलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. तिला कळलं की नाही, मला अजून माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून बाजारभावाच्या बातम्या गर्जायला लागल्या, तशी ती ओट्यापासून निघून कपड्यांच्या घड्या घालायला गॅलरीत गेली, आणि रोजच जायला लागली. मुलगी कानांवर हात ठेवून अभ्यास करायची आणि म्हणायची, “आजोबा ना, काय ऐकतात सकाळी सकाळी!” शेजारच्या काकूंनी लिफ्टमध्ये तक्रार केली. मी माफी मागितली आणि टीव्हीचा आवाज तसाच राहू दिला.

अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या त्या दिवशी बायको पाटावरून उठलीच नाही, त्यांचं ताट बघत बसली. त्यांचा दुसरा डोळाही झाला. घर बंद आहे, हे वाक्य अण्णांच्या तोंडून येईनासं झालं. गावच्या घराची किल्ली त्यांनी शेजाऱ्याकडे ठेवायला सांगितली, आठवड्यातून एकदा झाडून घे म्हणून.

पण हे सगळं होण्याआधी, ठरलेल्या त्या शनिवारी साडूचा फोन आला. “काय रे, आज येऊ ना न्यायला? अण्णांना दे जरा.”

“अण्णा बाथरूममध्ये आहेत.”

आतून कांद्याचे भाव ऐकू येत होते. त्यालाही ऐकू गेले असणार. तो मोठ्याने हसला, त्याचं ते नेहमीचं हसणं.

“बसू दे, बसू दे निवांत. बोलावू नकोस.”

मला आभार मानायचे होते. शाळेत आम्हाला शिकवलंय, उपकार करणाऱ्याचे आभार मानावेत, आणि मी आयुष्यभर ते मानत आलोय. पण माझ्या वडिलांची अडचण माझ्याआधी त्याला कळली होती, आणि हे मला त्याच्यापुढे कबूल करवेना.

“नंतर फोन करायला सांगतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग बायकोला हाक मारून विचारलं, आज भाकरी किती थापणार आहेस. ती गॅलरीतून म्हणाली, “तू तवा ठेव आधी.”

मी तवा ठेवला.