विल्सनदादाचा बर्फाचा रिपोर्ट

शुक्रवारी संध्याकाळी कॅनडाचा नंबर दिसला की मी हॅलो म्हणायचोच नाही. त्या दिवशीही नाही म्हटलं. विल्सनदादाच्याच खर्जातल्या आवाजात, त्याच्याच आखाती थाटात विचारलं, "यल्ला हबीबी, बर्फ कसाय?" आणि पलीकडून सेलिनावहिनी रडायलाच लागल्या. दादा गेला होता. नदी जिथे पसरून तळं होते, तिथे गोठलेल्या पाण्यावर, बर्फाच्या भोकात गरी सोडून उलट्या बादलीवर बसल्या बसल्या. बर्फबिर्फ फुटला नाही, हार्टच. शेजारी बसलेल्या माणसाने पाहिलं, दोरा हलतोय आणि दादा काही उचलत नाहीये... दफन तिकडेच झालं. काही आठवड्यांनी वसईहून दादाच्या आईचा फोन आला. "या शुक्रवारी फोन लाव. त्याच्या आवाजात बोल, एकदाच." आता मी पडलो नकल्या. बार्शीच्या शाळेत हेडसरांपासून घंटेपर्यंत सगळ्यांचे आवाज काढून मार खाल्लेला. पण आईंना "हो" म्हणताना माझा स्वतःचाच आवाज फुटेना.

दादा आणि मी भेटलो ते दोन हजार आठला, आखातात, उम्म अल कुवैनच्या एका शेअरिंग फ्लॅटमध्ये. एकाच कन्स्ट्रक्शन कंपनीत होतो, तो सीनियर, मी नुकताच विमानातून उतरलेला. दर शुक्रवारी तो मला खाडीवर गरी टाकायला न्यायचा. मग मंदी आली. साइटवरच्या क्रेन थांबल्या, ऑफिसात रोज एखादी खुर्ची रिकामी दिसायला लागली. ज्या दिवशी दादाला लेटर मिळालं, त्या दिवशीही तो "चल" म्हणाला. जानेवारीचा वारा, पाणी गार, तीन तास एक मासा नाही. मला राहवेना. एचआरवाल्याचा नाकातला आवाज काढून मी म्हटलं, "डियर मासे, कंपनीला आता तुमची गरज नाही." दादा इतका हसला की डोळे पुसायला लागला, आणि मग पुसतच राहिला... गरी पुन्हा टाकत म्हणाला, "लागत नाही म्हणजे खाली मासा नाही असं नसतं रे. गारठ्यात तो आळशी होतो. नुसता तोंड लावून बघतो, झटका देत नाही. दोरा बोटावर ठेव आणि गप बस." मला गप बसायला सांगणारा आणि मी ऐकलेला तो एकटाच माणूस.

तो कॅनडाला गेला आणि तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून बसला. भोकावर सारखी बर्फाची साय धरते, ती काढायला तिकडे खास पळी मिळते म्हणे. आमच्या साहेबांनी वसईच्या स्वयंपाकघरातला झारा नेला! आई फोनवर ओरडल्या, "मेल्या, ख्रिसमसला वडे कशाने तळू?" तेव्हापासून शुक्रवारचा तिघांचा फोन सुरू झाला. दादा तळ्यावरून रिपोर्ट द्यायचा, मग तोच रिपोर्ट मी त्याच्या आवाजात द्यायचो, आणि आईंनी ओळखायचं, खरा कुठला. मी खोकला घातला, वसईचा हेल घातला, पण एकदाही फसल्या नाहीत. "हा बार्शीचा," म्हणायच्या, "माझा पोरगा बोलताना मधे श्वास घेतो."

त्या शुक्रवारी मी इकडे आखातातच, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या खोलीचं दार लावलं, एसी बंद केला आणि नंबर फिरवला.

"आई, मी विल्सन."

मी मधे श्वास घेतला आणि रिपोर्ट सुरू केला. "बर्फ काळा आहे, आई. काळा म्हणजे भरवशाचा. नदी आत शिरते तिकडे पांढरा आहे, तिकडे मी जात नाही. मासे आळशी. येतात, बघतात, जातात..."

"कानटोपी घातलीस?"

"घातली."

"खोटारडा."

हे त्या त्यालाच म्हणायच्या, मला कधीच नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "शेवटी थंडी वाजली का रे?"

याचं उत्तर दादाने कधीच दिलेलं नव्हतं. नक्कल करायला काही नव्हतंच.

"नाही, आई," मी त्याच्याच आवाजात म्हटलं, "ऊन पडलं होतं. आणि... मासा लागला होता."

मग त्यांनी नाक ओढलं.

"बरं. आता तुझ्या आवाजात बोल. जेवलास?"

"नाही, आई."

"मग आधी जेव. मी धरते फोन."

मी थाळीत कालचा भात घेतला. त्या धरून होत्या.